मार्चमधलं टेबल रॉक आणि दगडाला आपटणारा क्रँकबेट

मंडळी, मी आत्ता मिझुरीतल्या टेबल रॉक लेकवर आहे, मार्च चालू आहे, पाणी 50 फॅरनहाइट म्हणजे आपल्या हिशोबानं 10 डिग्री, आणि नितळ इतकं की बोटीतून खालचे दगड दिसतायत. व्हाइट रिव्हरवरचं धरण 1958 मध्ये पूर्ण झालं, त्याचाच हा तलाव.

मी आलोय बास पकडायला, बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा. बास अंडी घालणार पाणी 60 फॅरनहाइटच्या आसपास गेल्यावर. आत्ता ते खोलातून हळूहळू वर सरकतायत आणि खायला क्रॉफिश शोधतायत, क्रॉफिश म्हणजे शेवंडाचं पिल्लू वाटावं असा गोड्या पाण्यातला प्राणी, दगडांच्या फटीत राहतो. म्हणून मी स्टॉर्म कंपनीचा विगल वॉर्ट बांधलाय, तपकिरी-लाल रंगाचा. हा क्रँकबेट आहे, म्हणजे पुढे पट्टी असलेला, ओढला की खोल बुडणारा खोटा चारा. स्टॉर्म ही कंपनी रापाला या दुसऱ्या कंपनीनं 1999 मध्ये घेतली, त्याआधीचे जुने वॉर्ट लोक अजून जास्त पैसे मोजून घेतात, इतका जीव आहे या क्रँकबेटवर.

आता नीट ऐका, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. बेट नुसता पाण्यातून ओढून काही होत नाही, तो तळाच्या दगडांना आपटलाच पाहिजे. पुढची पट्टी दगडाला लागते, बेट एकदम बाजूला उडतो, आणि घाबरून पळणारा क्रॉफिश समजून बास तेव्हाच तोंड घालतो. अडकला तर जोरात खेचू नका हो, लाइन म्हणजे गळाची दोरी सैल सोडा, बेट तरंगणारा आहे, बऱ्याचदा आपोआप वर येतो. लाइन 10 पाउंड ताण झेलणारी, फ्लुरोकार्बन नावाच्या प्लास्टिकची, बारीक असल्यामुळे बेट खोल जातो आणि नितळ पाण्यात ती दिसतही कमी.

किनारा कुठला निवडायचा? जिथे बारीक खडी संपून मोठे दगड सुरू होतात आणि उतार तीव्र आहे तो, कारण थंडी वाढली की माशाला दोन पावलांवर खोल पाणी मिळतं. आणि वारा त्याच किनाऱ्यावर येत असेल तर अजिबात सोडू नका, लाटांमुळे वरचा उजेड फुटतो, बासला बेट नीट निरखता येत नाही. पाणी आरशासारखं शांत असेल तर मी क्रँकबेट बाजूलाच ठेवतो, खरं सांगतो.

लायसन्स आणि मोजपट्टी जवळ ठेवा, इथे 15 इंचाखालचा बास ठेवता येत नाही. पोटात अंडी असलेली मादी मात्र कितीही मोठी असो, मी लगेच पाण्यात सोडतो. चला, त्या टोकावर वारा आलाय, पहिला कास्ट तिकडेच टाकू.