आईचं आयुष्य लिहिणाऱ्या गिरणीतल्या मुली

1893 साली मुंबई ते जपान अशी थेट बोट सुरू झाली. आपल्याकडचा कापूस त्या बोटींतून जपानी गिरण्यांत जायचा. त्याचं सूत काढायच्या तिथल्या खेड्यापाड्यांतल्या कोवळ्या पोरी. बापाने आगाऊ उचल घेतलेली असायची. ती फिटेपर्यंत पोरगी गिरणीच्या वसतिगृहात, बारा-बारा तासांच्या पाळीला जुंपलेली. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची.

शिक्षण होतं. मोठ्या गिरण्यांनी आवारातच वर्ग काढले होते. लिहिणं-वाचणं, शिवणकाम, फुलांची सजावट, चांगली गृहिणी होण्याचे धडे. मालकाला कामाला टिकणाऱ्या मुली हव्या होत्या, आईबापांना लग्नाच्या बाजारात शोभणाऱ्या. मुलींना काय हवं, हे विचारायचं राहूनच गेलं.

1929 मध्ये स्त्रियांची रात्रपाळी बंद झाली. त्याच वर्षी तातेवाकी सादायो या कार्यकर्तीने टोकियोतल्या कामेइदो या गिरणीवस्तीत कामगार मुलींसाठी शाळा उघडली. शिवण तिथेही शिकवलं जाई. पण आपली मजुरी कशी ठरते, हेही. पुढच्याच वर्षी तिथल्या तोयो मस्लिन गिरणीत मोठा संप झाला.

युद्धानंतर, 1949 मध्ये, सामाजिक शिक्षणाचा कायदा आला. गावोगावी लोकशिक्षणाची केंद्रं उभी राहत होती. मला मात्र थांबावंसं वाटतं ते योक्काइची शहरातल्या लोकरीच्या एका गिरणीत. सावाई योशिरो या सहकाऱ्याच्या पुढाकाराने तिथल्या मुली पाळी संपल्यावर जमायच्या आणि स्वतःचं जगणं लिहून काढायच्या. आधी लिहिलं घराबद्दल. घरच्या गरिबीची लाज वाटायची, ती कागदावर उतरली. एकमेकींचं वाचताना कळलं, प्रत्येकीच्या घरी तेच आहे. मग प्रश्न आला, असं का? उत्तर शोधत त्या आईपाशी पोचल्या. जिचं आयुष्य कुणी विचारलंही नव्हतं, तिला लेकींनी विचारलं आणि लिहून ठेवलं. 1954 साली त्याचं पुस्तक झालं. समाजशास्त्रज्ञ त्सुरुमी काझुको त्याच्या संपादकांपैकी एक. माझ्या मते, कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा हे शिक्षण मोठं होतं.

त्याच वर्षी ओमी केन्शी या कंपनीच्या गिरण्यांत संप झाला. मागण्या ऐका: आमची पत्रं फोडू नका. लग्नाचं स्वातंत्र्य द्या. रात्रशाळेत जाऊ द्या. 106 दिवसांनी संप मिटला, तो कामगारांच्या विजयाने.