डिंक, राळ आणि युरोपचा करंडक

नमस्कार मंडळी. बाया-बापड्यांनो, शेतात रेडिओ लावून कापूस वेचणाऱ्या तायांनो, नमस्कार.

आज मला हँडबॉलविषयी बोलायचंय. तेही बायकांच्या हँडबॉलविषयी, आणि त्यातही युरोपातल्या क्लबांच्या एका स्पर्धेविषयी. तिला आता चॅम्पियन्स लीग म्हणतात. तुम्ही म्हणाल, कुठं युरोप आणि कुठं आपला तापीकाठ. पण थोडं ऐका. या स्पर्धेशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते डिंकावरून आहे.

आधी खेळ सांगते. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदान. एका बाजूला सात जणी, त्यात एक गोलरक्षक. चेंडू हातानं टाकायचा आणि गोल करायचा. चेंडू हातात आला की तीन पावलं किंवा तीन सेकंद. तीन पावलं, तीन सेकंद, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. आणखी एक, हा व्हॉलीबॉल नव्हे. पस्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले, आणि दर वर्षी बक्षीस देणारे पाहुणे माइकवरून म्हणायचे, "व्हॉलीबॉलच्या मुलींचं अभिनंदन!" त्यांच्यासमोर चेंडू धरला तरी फरक पडायचा नाही.

आता माझी गोष्ट. साल 1984, मी दहावीत. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. तेव्हा रशियातून गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं यायची. वाचायचं कुणी नाही, पण वह्यांना कव्हरं घालायला त्याच्यासारखा कागद नाही. माझ्या भूगोलाच्या वहीच्या कव्हरावर एक बाई होती. हवेत उडी मारलेली, हात मागं ताणलेला, आणि पंजात चेंडू असा धरलेला की जणू चिकटलाय. खेळाच्या सरांना वही दाखवली. सर म्हणाले, "अगं, त्या हाताला राळ लावतात. झाडाचा चीक."

झाडाचा चीक! आमच्या घरात झाडाचा चीक म्हणजे एकच गोष्ट, डिंक.

आणि डिंक घरात होता. थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली. मायनं चोपड्याच्या बाजारातून सातपुड्याचा धावड्याचा डिंक आणून पितळी डब्यात ठेवलेला. धावड्याचाच हवा, बाभळीचा नाही, आणि लाडू गुळाचेच हवेत. साखरेचे डिंकाचे लाडू करणाऱ्यांशी मी आजही वाद घालते. असो. धुळ्याला सामने होते. आदल्या रात्री मी त्या डब्यातून ओंजळभर डिंक काढला, वाटीत भिजत घातला. पहाटेपर्यंत मस्त चिकट लगदा झाला. शाईच्या रिकाम्या दौतीत भरला आणि एसटीत बसले.

मैदान मुरमाचं, ऑक्टोबरचं ऊन. आम्ही सातही जणींनी हाताला डिंक चोपडला. आणि काय सांगू, पहिला अर्धा खेळ आम्ही राण्या! येईल तो चेंडू हातात. एका हातानं धरतोय, हवेत फिरवतोय. मध्यंतराला पाच-दोन अशी आघाडी. सर तर बाजूला उभे राहून मिशीत हसत होते.

मध्यंतरानंतर ऊन चढलं. घाम आला. घामानं डिंक विरघळायला लागला, वाळला की आखडायला लागला, आणि त्यावर मुरमाची धूळ बसली. हात म्हणजे थापलेली गोवरी! चेंडू हातात यायचा तो पटकन सुटायचाच नाही, आणि सुटला तर भलतीकडं. शेवटचं मिनिट आलं तेव्हा समोरच्या संघाला एक गोल जास्त. आणि आम्हाला सात मीटरचा फेका मिळाला. समोर फक्त गोलरक्षक. मारणार कोण? मी.

पंचांनी शिट्टी वाजवली. शिट्टीपासून तीन सेकंदांत चेंडू सुटायला हवा. तीन सेकंद. मी हात मागं नेला आणि जाणवलं, चेंडूबरोबर तळव्याची कातडी ओढली जातेय. फेकला तर कुठं जाईल, देवालाच ठाऊक. घाबरून मी डाव्या हातानं तो सोडवायला लागले. एक. अर्धा सुटला, चार बोटं अजून चिकटलेली. दोन. समोरची गोलरक्षक दोन्ही हात पसरून उभी होती, ती हात खाली घेऊन हसायला लागली. तीन. शिट्टी! चेंडू माझ्या हातात, सामना त्यांच्या.

सर काही बोलले नाहीत. एसटीत माझ्याशेजारी बसले, हाताकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "राळ म्हटलं होतं मी. राळ."

घरी आले तर माय डबा उघडून उभी. "मना डिंक कथा गया व पोरी?" मी हात मागं लपवला. पण फ्रॉकला चिकटलेला हात लपवणार कसा?

तर मंडळी, फरक असा की डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. राळ चीड-पाइनच्या झाडाची. ती घामानं निघत नाही, तेलानं निघते. युरोपातल्या त्या खेळाडू सामना संपला की हाताला तेल चोळून बसतात. आता तर आंतरराष्ट्रीय महासंघानं राळेशिवाय धरता येईल असा चेंडूही आणलाय.

मुलींच्या शाळेत बदली झाल्यावर मी या खेळाचं वाचायला लागले, तेव्हा कळलं की 1984-85 च्या त्याच हंगामात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या कीवचा स्पार्टाक हा क्लब युरोपचा करंडक, म्हणजे हीच स्पर्धा, जिंकला. त्यांनी तो एकूण तेरा वेळा जिंकलाय. तेरा! 1970 ते 1988 या काळात. ईगर तुर्चिन नावाच्या प्रशिक्षकानं शाळकरी पोरी जमवून तो संघ उभा केला. त्यातलीच एक झिनाइदा. तिचं पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. मुलगी झाली तरी तिनं खेळ सोडला नाही. 1976 ला बायकांचं हँडबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा तिला सुवर्ण, 1980 ला पुन्हा सुवर्ण, आणि 1988 ला सोलमध्ये कांस्य, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. आपल्याकडं लग्न ठरलं की पोरीचे बूट आधी धाकट्या बहिणीला जातात. माझ्या संघातल्या सहा जणींचे गेले.

बाकीचं भरभर सांगते, वेळ संपत आला. स्पर्धा सुरू झाली 1960-61 मध्ये, पहिला करंडक रोमानियातल्या बुखारेस्टच्या संघाला. स्पार्टाकनंतर ऑस्ट्रियाचा हिपो हा क्लब आला, आठ वेळा जिंकला. 1993 ला युरोपीय महासंघानं स्पर्धेचं नाव चॅम्पियन्स लीग केलं. मग डेन्मार्कचं विबोर्ग तीनदा, नॉर्वेचे व्हायपर्स 2021 पासून सलग तीनदा. आणि हंगेरीतलं ग्योर, 2013 ते 2025 मध्ये सात वेळा. 2014 पासून शेवटचे चार संघ बुडापेस्टला एकाच शनिवार-रविवारी भिडतात. आता तिथं वीस हजारांचं सभागृह आहे. आणि हो, हा खेळ पुरुषांचा म्हणणाऱ्यांना सांगा, 1917 मध्ये बर्लिनला माक्स हायझर यांनी त्याचे नियम बसवले ते बायकांसाठीच. पुरुषांसाठी तो नंतर धसमुसळा केला गेला.

आपल्या पोरीही मागं नाहीत. 2022 ला कझाकस्तानातल्या अल्माटीत आशियाई ज्युनियर स्पर्धा भारताच्या मुलींनी जिंकली. शाळांनी फक्त खेळाचा तास गणिताला देऊ नये. गणितवाल्या सरांनी राग मानू नका.

माझ्या बहिणीला त्या वेळी बिनडिंकाचेच लाडू खावे लागले. तो भाचा आता चाळिशीचा आहे. कंबर धरली की फोन करतो, "मावशी, हे तुझ्या हँडबॉलमुळं."

नमस्कार.