चित्राआधी कागद वाचा: चित्रकारांची जुनी प्रवासपुस्तकं कशी पारखावीत

मंडळी, आजचा विषय एका खास जातीच्या पुस्तकांचा आहे. चित्रकार स्वतः प्रवासाला गेला, जागेवर बसून रेखाटनं केली आणि मायदेशी परतल्यावर ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवून पुस्तक काढलं, अशी ही पुस्तकं. 1780 ते 1850 हा त्यांच्या भराचा काळ. आपल्या भागापुरतं बोलायचं तर दोन नावं आधी घ्यावी लागतात. पहिलं थॉमस आणि विल्यम डॅनिएल या काका-पुतण्यांचं ‘ओरिएंटल सीनरी’. 1795 ते 1808 या काळात ते सहा भागांत निघालं, प्रत्येक भागात 24, एकूण 144 चित्रं. दुसरं कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले यांचं पश्चिम भारतावरचं पुस्तक, 1826 ते 1830, चित्रं 36. दौलताबाद, बोरघाट, मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा, हे सगळं त्यात आहे. ग्रिंडलेज बँक हे नाव मुंबईकरांना आठवत असेल, तर ती याच ग्रिंडलेंच्या पेढीतून वाढली.

डॅनिएलांच्या सहा भागांतला वेरूळचा भाग आपल्याला सर्वांत जवळचा. तो 1803 चा. मूळ रेखाटनं जेम्स वेल्स यांची. पेशव्यांच्या दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं रंगवणारे ते हेच वेल्स. 1795 मध्ये ते वारले आणि त्यांच्या कागदांवरून थॉमस डॅनिएल यांनी प्लेटा करवून घेतल्या. पुण्याचा ब्रिटिश रेसिडेंट मॅलेट याच्यासाठी आपल्या पुण्याच्या चित्रकार गंगाराम तांबटांनीही वेरूळची चित्रं काढली होती, पण या भागाच्या शीर्षकात नावं आहेत ती वेल्स आणि डॅनिएल यांचीच. या भागातली पहिली तीन चित्रं वेरूळच्या डोंगराची. तीन ताव शेजारी मांडले की लेण्यांचा अख्खा पट्टा सलग डोळ्यांपुढे येतो. दुकानात यातला एकच ताव चौकटीत लटकलेला दिसतो तेव्हा काय तुटलंय, ते यावरून कळावं.

ही सगळी पुस्तकं अॅक्वाटिंटची आहेत, आणि ते तंत्र समजलं की निम्मी पारख जमली. आधी तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून घेतात. मग पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवतात आणि खालून उष्णता देतात, म्हणजे कण चिकटतात. पत्रा ऍसिडमध्ये बुडवला की ऍसिड कणांच्या मधल्या जागा खातं. जिथे फिकट हवं तिथे वार्निश लावून झाकायचं आणि पुन्हा बुडवायचं. छपाई एक-दोन शाईंत, बाकीचे रंग हातानं भरलेले. म्हणून दहापट भिंगाखाली आकाशाचा भाग बघितला तर पांढरे अनियमित ठिपके आणि त्यांच्याभोवती काळसर जाळी दिसते. एकाच मापाच्या रंगीत टिकल्यांची फुलं दिसली तर ती अलीकडची ऑफसेट छपाई, पुढे बघायची गरज नाही. लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, खडूचा दाणा दिसतो, जाळी दिसत नाही. फसगत होते ती कोलोटाइपमध्ये, म्हणजे फोटोवरून छापण्याच्या एका जुन्या तंत्रात. त्यातही अनियमित जाळी असते, पण ती सुरकुतलेल्या सायीसारखी, वळवळत्या रेघांची. शिवाय अस्सल ठशात, म्हणजे पत्र्यावरून थेट छापलेल्या प्रतीत, पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उठतो. बोट फिरवा, चौकोनी खोलगट कड लागते. ही कड खोटीही पाडता येते, आणि ताव चित्रापर्यंत कापलेला असला तर अस्सल ठशातही ती उरत नाही. म्हणून निर्णय जाळीवरच घ्यायचा.

रंगाबद्दल थोडं सावकाश बोलतो, कारण किंमत तिथे ठरते. त्या काळी रंगवणारे पातळ जलरंगाचे थर देत. रंग कडेला किंचित साठतो, रेषेच्या बाहेर एखाद-दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि तो कागदात मुरलेला असतो. नंतर कोणी रंगवलं असेल तर रंग डागांवरून आणि मळावरून गेलेला दिसतो. झाडं निळी दिसली तर घाबरू नका. हिरवा रंग निळा आणि गँबोज हा पिवळा रंग मिसळून केलेला असे. उजेडात गँबोज उडतं, निळा मागे राहतो. पांढऱ्या ठिकाणी काळपट छटा आली असेल तर तो शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकानं काळवंडला आहे. हे दोन्ही दोष जुनेपणाच्या बाजूनं साक्ष देतात. उलट सगळी पानं एकसारखी टवटवीत असतील तर शंका घ्या. 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधारात पानावर मारा. 1950 नंतरच्या बऱ्याच कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं, तो निळसर पांढरा झगझगतो. जुना चिंध्यांचा कागद मंद राहतो.

मग ताव उजेडासमोर धरा. 1794 नंतर इंग्लंडमधल्या कागदात, व्हॉटमन या नामांकित इंग्रजी कागदाच्या तावात तर हमखास, वॉटरमार्कात साल येऊ लागलं. ते साल कागदाचं असतं, छपाईचं नसतं. छपाई त्या सालाआधीची असूच शकत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ग्रिंडलेच्या तावात 1840 नंतरचं साल निघालं तर तो उशिराचा ठसा समजा. तांबं मऊ असतं, अॅक्वाटिंटची जाळी काहीशे प्रतींनंतर झिजते. उशिराच्या ठशात ढग सपाट होतात, सावल्यांची खोली जाते, आणि ती झाकायला रंग जाड मारलेला असतो.

आकाराची फसवणूक सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त होणारी. डॅनिएलांनी 1812 ते 1816 मध्ये याच चित्रांची छोटी आवृत्ती काढली. मोठ्या आवृत्तीतलं चित्र सुमारे 60 सेंटिमीटर रुंद, छोट्यातलं त्याच्या निम्म्याहून कमी. छोटी आवृत्ती बिनरंगी निघाली होती, त्यामुळे तिचं रंगीत पान दिसलं तर रंग नंतरचा धरून चाला. फोटोवरून खरेदी करताना चित्राची रुंदी आणि तावाची रुंदी दोन्ही लेखी मागा. विकणारा देत नसेल तर व्यवहार सोडा.

अख्खं पुस्तक समोर आलं तर पानं मोजताना घाई नको. ही पुस्तकं वर्गणीदारांना भागाभागांनी जात आणि बांधणी ज्याची त्यानं करायची. बांधणारा भागांची कागदी वेष्टणं फेकून देई, समास कापून टाकी, कधी मजकूर वेगळ्या खंडात बांधी. म्हणून दोन प्रती सारख्या नसतात. जे. आर. अॅबे या संग्राहकाची 1956-57 मध्ये निघालेली, अशा प्रवासपुस्तकांची सूची उघडून पुस्तकातलं प्रत्येक चित्र, अर्पणपत्रिका, चित्रांची यादी, मजकुराचं प्रत्येक पान जुळवा. अॅबे यांचा स्वतःचा संग्रह आणि गंगाराम तांबटांची बरीच रेखाटनं आज एकाच छपराखाली आहेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात. डॅनिएलांची मूळ कामं बघायची तर कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल गाठावं. दहा अस्सल ठसे डोळ्यांखालून गेल्याशिवाय पहिली खरेदी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पुस्तक फोडू नका. सुट्या पानांची बेरीज अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त भरते, हे खरं आहे, आणि म्हणूनच इतकी पुस्तकं फुटली. पण डागाळलेली, एक-दोन चित्रं कमी असलेली, मोडक्या बांधणीची प्रतसुद्धा प्रवासाचा क्रम सांगते. चित्रकार कुठून कुठे गेला, घाट चढून आला की समुद्रानं, हे त्या क्रमातच आहे. सुटं पान घेतलंच, तर मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं त्याचा भाग आणि क्रमांक लिहा. बॉलपेन नको.

आता आपल्या हवेचा प्रश्न. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कोकणपट्टीत पावसाळाभर ती त्याहून वर असते. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. मोठे खंड आडवे ठेवा, एकावर एक दोनपेक्षा जास्त नकोत. कपाटात हायग्रोमीटर ठेवा, आकडा 50 ते 55 च्या आसपास राहिला तर उत्तम. बांधणीतली खळ कसर खाते. कसर किंवा भुंगा दिसला तर पुस्तक पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतल्या थंड कागदावर दव धरतं, म्हणून पूर्ण एक दिवस थांबा. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका, पानांना वास मात्र लावतात. चित्रावरचा पातळ संरक्षक कागद पिवळा पडला असेल तर तो आम्ल सोडतो, तो बदलून आम्लमुक्त टिश्यू घाला, पण जुना तुकडा वेगळ्या पाकिटात जपा. लॅमिनेशन, सेलोटेप आणि फेव्हिकॉल यांना जवळ येऊ देऊ नका. फाटलेलं पान जपानी कागद आणि गव्हाच्या खळीनंच जोडायचं, तेही प्रशिक्षित माणसाकडून. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात यासाठी संवर्धन केंद्र आहे.

परदेशातल्या नातलगाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर थांबा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढच्या कलावस्तूंची खासगी निर्यात करता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा. बाहेरून आणलेल्या पुस्तकाची पावती आणि कस्टमचे कागद त्याच पुस्तकाच्या पेटीत ठेवा.

आणि बघताना खंड टेबलावर ताणून सपाट उघडू नका. दोन्ही पुठ्ठ्यांखाली फोमच्या उतरत्या पाचरी द्या, उघडण्याचा कोन 120 अंशांच्या आत ठेवा. हात धुऊन कोरडे करा आणि पान वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून, दोन्ही हातांनी उलटा.