खोट कुणाची?

(दृश्य: पागोळ्या. माळ्यावरची खोली. जुना डबा टीव्ही, पडद्यावर मुंग्या. मग चित्र येतं.)

शिवाजी पेठ, कोल्हापूर. बाहेर जुलैचा पाऊस, आत रविवार सकाळ. १९९३ सालची.

'जंगल बुक' ही जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ सालची ५२ भागांची मालिका. आपल्याकडे ती दूरदर्शनवर हिंदीतून आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. एवढं सगळ्यांनाच पाठ आहे. या खोलीत बसलेल्यांचं काम त्याच्यापुढं सुरू होतं. तेव्हा घरोघरी व्हीसीआरवर टेप केलेला भाग लावायचा, काही खटकलं की थांबवायचं, आणि खोट नेमकी कुणाची ते शोधायचं.

(दृश्य: वही, जवळून.)

वहीला चार रकाने आहेत. चित्र, आवाज, प्रक्षेपण, टेप. खटकलेली प्रत्येक गोष्ट यातल्या एका रकान्यात बसवायची. 'जपान्यांनी घाई केली' असं म्हणणं सोपं आहे. पण निम्म्या वेळा दोष असतो तो कुणाच्या तरी घरच्या व्हीसीआरचा.

(दृश्य: टेबलावर उघडा व्हीसीआर. ड्रम सावकाश फिरतो.)

म्हणून सुरुवात यंत्रापासून. हा चकचकीत गोल भाग म्हणजे ड्रम. ६२ मिलिमीटर व्यासाचा, मिनिटाला १५०० फेरे घेणारा. त्याच्या कडेला नखाच्या टोकाहून बारीक हेड असतात, चित्र वाचतात ते हेच. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं ते पुसायला जाऊ नका. कापसाचा धागा हेडला अडकतो आणि हेड तुटतं. चामड्याचा मऊ तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचा, ड्रमला आडवा टेकवून स्थिर धरायचा आणि ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासलं की संपलं.

लेथवर कॅमेरा घडवणाऱ्या चित्रपटकार बाबूराव पेंटरांचं हे गाव. यंत्र उघडायला इथं कुणाचा हात कचरत नाही. हात धुतलाय का, एवढंच विचारतात, कारण भडंगाची परात शेजारीच आहे.

(दृश्य: कॅसेटची खिडकी. आत रिळाच्या कडेवर पांढरी जाळी.)

ही बुरशी. कोल्हापूरचा पाऊस आणि भिंतीतलं कपाट, दोन्ही टेपचे वैरी. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी ड्रमवर बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. आधी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ती सुकू द्यायची. मग खालचे पाच स्क्रू काढून रिळं बाहेर घ्यायची आणि मऊ कोरड्या कपड्यातून टेप हळूहळू गुंडाळायची. तोंडाला मास्क, आणि काम गच्चीवर, खोलीत नाही. पुन्हा जोडल्यावर व्हीसीआरमध्ये आधी एखादी बिनकामाची कॅसेट चालवून बघायची. ती नीट चालली, तरच ही.

ई-१८० कॅसेट म्हणजे तीन तास, साधारण सात भाग. एका तासाच्या टेपला, संगणकावर काहीही न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता उतरवली तर, ७५ जीबीच्या आसपास जागा लागते. जागा वाचवायला इथंच फाइल दाबली, की पुढं खोट शोधताना दिसते ती दाबण्याची खोट.

(दृश्य: संगणकाचा पडदा. एकेक फ्रेम पुढं सरकते.)

"मागं घे की. अजून एक. थांब."

मोगलीचा हात दोनदा दिसतोय. एक ठाशीव, एक फिकट, आरपार. सेलवर, म्हणजे चित्रकाराच्या पारदर्शक कागदावर, रंगवलेला हात अर्धा आरपार नसतो. जपानचं टीव्ही-चित्र सेकंदाला ६० फील्डचं, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांचं, आपलं ५० चं. एकातून दुसऱ्यात नेताना शेजारची दोन चित्रं एकमेकांत मिसळली, की अशी भुतं उठतात. चित्रकार सुटला. रकाना तिसरा.

पडद्याच्या तळाशी वळवळणारी ही पट्टी मात्र दोषच नाही. हेड बदलतानाची खूण प्रत्येक व्हीएचएस टेपवर असते. डबा टीव्हीत ती चौकटीआड जायची म्हणून लहानपणी दिसली नाही. आणि मोगली जाडा वाटतोय? चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणलंय. अंगानं तो एक तृतीयांश फुगलाय. हा दोष आजचा, आपलाच.

आता खरी चित्राची बाजू. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, पण टीव्हीच्या कामात एक चित्र बहुधा तीन-तीन फ्रेम वापरतात, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. बोलताना अंग स्थिर, हलतं फक्त तोंड: मिटलेलं, अर्धं, उघडं. कळप धावतो तेव्हा एकाच पावलांची चित्रं फिरून फिरून येतात. मोजायची युक्ती सोपी आहे. एका लांडग्याच्या पुढच्या पंजावर बोट ठेवायचं, आणि तोच पंजा तसाच पुन्हा येईपर्यंत फ्रेम मोजायच्या. याला कामचुकारपणा म्हणणाऱ्यांनी एक सेकंद तरी स्वतः काढून बघावा.

(दृश्य: आवाज बंद. शेरखान बोलतोय.)

आवाजाची तपासणी आवाज बंद करून. आधी तोंड किती वेळा उघडलं ते मोजायचं, मग संवाद ऐकायचा. तोंड मिटल्यावर हिंदी वाक्य उरलं, तर दुसरा रकाना. पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी मात्र कितीही शब्द खपतात. शेरखानच्या वेळी वही हमखास कोरी राहते. पाटेकर बोलायला लागले की मोजणारा मोजायचं विसरतो.

(दृश्य: आवाज सुरू. निवेदन थांबतं. चेहरे. वीस सेकंद.)

या प्रती खोलीबाहेर जात नाहीत. मालिकेचे हक्क दुसऱ्यांचे आहेत.

(दृश्य: दोन पडदे शेजारी शेजारी. एकच भाग, दोन घरच्या टेप.)

डावीकडं, जाहिरातीनंतर प्रसंग अर्ध्यातून सुरू होतो. वहीत नोंद आहे: 'चित्र. संकलन तुटक.' उजवीकडं दुसऱ्या घरची टेप. तिथं कुणी रिमोटला हात लावलेला नाही. साबण, वॉशिंग पावडर, सगळ्या जाहिराती जशाच्या तशा, आणि त्यानंतर प्रसंग पहिल्या पावलापासून. डाव्या घरात जाहिराती गाळायला कुणीतरी पॉज दाबलं होतं. सोडायला सहा सेकंद उशीर झाला.

(दृश्य: वही. पेन 'चित्र' खोडतं, 'टेप' लिहितं.)