तुमच्याकडे गॅलिक आहे का?

मित्रहो, नमस्कार.

स्कॉटलंडमधली गॅलिक भाषा आणि ती जगावी की नाही याबद्दल तिथल्या लोकांना काय वाटतं, हा आजचा विषय. सुरुवात एका दुकानापासून करते, कारण पुस्तकांत सापडण्याआधी हा विषय मला तिथे भेटला.

स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात लुइस नावाचं बेट आहे. झाडं जवळजवळ नाहीत, मैलोन्‌मैल पीटची, म्हणजे कापून वाळवून जळणाला वापरतात त्या मातीची, काळी ओलसर जमीन, आणि वारा असा की दार उघडायला खांदा लावावा लागतो. तिथल्या एका गावात मी पाव घ्यायला दुकानात शिरले. गल्ल्याशी साठीच्या पुढच्या दोन बायका गप्पा मारत होत्या. मी उंबरठ्यात पाऊल टाकलं आणि त्यांचं चालू वाक्य मध्येच इंग्रजीत वळलं. माझ्याशी बोलायचं होतं म्हणून नाही. मी नुसती आले म्हणून त्या एकमेकींशीच इंग्रजी बोलू लागल्या. पाहुणा दारात आला की आपण पसारा आवरतो ना, तशी त्यांनी आपली भाषा आवरली. मी वर्गात शिकलेल्या अडखळत्या गॅलिकमध्ये म्हटलं, बोला ना, थोडी येते मला. दोघींना केवढा आनंद झाला! एकीने माझा हात हातात घेतला आणि माझं तोंडभरून कौतुक केलं. इंग्रजीत.

त्या दिवशी मी खूश होऊन बाहेर पडले. आपण तिथे नेमकं काय पाहिलं, हे कळायला मला काही वर्षं लागली.

भाषेची ओळख थोडक्यात करून देते. आयर्लंडची आयरिश हिची सख्खी बहीण. तिचं स्वतःतलं नाव 'गालिक', स्कॉटलंडमध्ये इंग्रजी बोलताना म्हणतात 'गॅलिक'. आपल्या तू-तुम्हीसारखे तिच्यात 'ऊ' आणि 'शिव' आहेत, वडीलधाऱ्यांना 'शिव'च म्हणायचं. आणि एक गोष्ट मराठी माणसाला लगेच कळते. इंग्रजीसारखं 'आय हॅव' तिथे नाही. वस्तू माझ्याकडे असते. भाषेचंही तसंच: 'हा गालिक अकम', गॅलिक माझ्याकडे आहे. भूक अंगावर असते, भाषा मात्र जवळ असते. अनोळखी माणसाला विचारायचं तर 'तुमच्याकडे गॅलिक आहे का?' असं विचारतात. हा प्रश्न लक्षात असू द्या, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

ही भाषा एका कोपऱ्यातली, डोंगराळ लोकांची, असं स्कॉटलंडमध्ये आजही अनेकांना वाटतं. खरं तर 'स्कॉट' हे नावच मुळात गॅलिक बोलणाऱ्यांचं. अकराव्या शतकात राजदरबारात हीच भाषा होती आणि देशाच्या बहुतेक भागात ती पोचलेली होती. पुढे दक्षिणेकडच्या सखल प्रदेशात, व्यापारी गावांत इंग्रजीची बहीण वाढली. पंधराव्या शतकाच्या सुमारास एक विलक्षण गोष्ट झाली: त्या बोलीने 'स्कॉट्स' हे नाव स्वतःकडे घेतलं आणि गॅलिकला 'आयरिश' म्हणायला सुरुवात झाली. एखाद्याला घराबाहेर काढायचं तर आधी त्याला पाहुणा म्हणायचं. १५१३ साली लढाईत पडलेला चौथा जेम्स हा गॅलिक जाणणारा शेवटचा राजा मानला जातो. त्यानंतर शंभर वर्षांच्या आसपास, १६१६ साली, राजाच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, गावोगावी शाळा काढायचा कायदा केला. त्यात लिहिलं होतं की बेटांतला आणि डोंगरांतला रानटीपणा टिकून राहण्याचं एक मुख्य कारण 'आयरिश' भाषा आहे, तेव्हा ती नाहीशी करावी.

या दीर्घ आकसाला गेल, म्हणजे गॅलिकभाषक, लोकांकडे जुना शब्दप्रयोग आहे: 'मी-रून मोर नन गाउल', म्हणजे गॅलिक नसलेल्यांचा मोठा दुस्वास. तो आजही वर्तमानपत्रातल्या भांडणात कामाला येतो.

१७४६ची कलोडनची लढाई, मेंढ्यांसाठी रिकामी केलेली गावं, कॅनडाकडे गेलेली जहाजं, हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मी शाळेवर थांबते. १८७२च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडभर शिक्षण सक्तीचं केलं आणि त्यात गॅलिकचं नावही नव्हतं. बंदी घातली असती तर निदान भांडता आलं असतं. इथे भाषा आहे याचीच नोंद नाही. काही शाळांत 'माइजे-क्रोखी' असायची, गळ्यात अडकवायची काठी. वर्गात गॅलिक बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात ती जायची, तो दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून देईपर्यंत. दिवसअखेर ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. सहा-सात वर्षांच्या मुलांना एकमेकांच्या तोंडावर पाळत ठेवायला लावणारी ही पद्धत. मला ती सांगताना अजूनही त्रास होतो.

इथे आपल्याशी एक खरा धागा जुळतो. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईला आले, मराठी शिकले. त्यांच्याच काळात जॉन स्टीव्हन्सन यांनी मराठीचं व्याकरण लिहिलं. दोघेही स्कॉटिश मिशनरी. धर्म सांगायचा तर लोकांच्या भाषेतच सांगावा लागतो, हे या मंडळींना पटलेलं होतं. गॅलिकच्या बाबतीतही ज्या धर्मसंस्थेने आधी शाळांतून ती हाकलली, तिलाच १७६७मध्ये नवा करार गॅलिकमध्ये छापावा लागला. म्हणजे भाषेची ताकद कळत होती. जिची भीती आहे तिची ताकद नेहमीच कळते.

१८९१च्या शिरगणतीत अडीच लाखांवर लोक गॅलिक बोलत होते. २०११मध्ये उरले ५७,३७५. ही घट काठीने झाली का? थोडी. पण खूपशी घट आईबापांच्या निर्णयाने झाली, आणि हे बोलायला मन जड होतं. मुलगा ग्लासगोच्या गोदीत लागणार, मुलगी नर्स होणार, त्यांना लाज वाटू नये म्हणून आई-वडील आपसात गॅलिक आणि मुलांशी इंग्रजी बोलू लागले. त्या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. गळ्यात काठी घालून फिरलेली मुलंच आईबाप झाली होती.

आता पारडं कसं फिरलं ते पाहा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्काय बेटावर इयन नोबल नावाच्या बँकरने जमीन घेतली. हा मनुष्य जन्माने गॅलिकभाषक नव्हता, भाषा मागाहून शिकला. पोर्ट्री गावाच्या रस्त्यासाठी कौन्सिलला त्याची जागा हवी होती. तो म्हणाला, घ्या, पण पाटीवर गॅलिक नावही लिहा. एवढ्याशा मागणीवर केवढा वाद झाला. शेवटी पाट्या लागल्या. त्याच स्कायवर १९७३ साली एका जुन्या कोठारात सॉल मोर ओस्टेक हे गॅलिक महाविद्यालय सुरू झालं. नावाचा अर्थच 'ओस्टेकचं मोठं कोठार'. १९८५मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेस इथे गॅलिक माध्यमाचे पहिले प्राथमिक वर्ग मूठभर मुलांनिशी उघडले. आज या माध्यमात पाच हजारांवर मुलं आहेत. २००५चा भाषा कायदा स्कॉटिश संसदेत एकमताने झाला, २००८मध्ये बीबीसी अल्बा ही गॅलिक वाहिनी आली, २०१९मध्ये ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर गॅलिक आली आणि जगभरातून दहा लाखांहून अधिक लोकांनी ती शिकायला घेतली. आणि २०२५मध्ये तिला अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर झाला.

मग लोकांना काय वाटतं? स्कॉटलंडमध्ये यावर रीतसर पाहण्या झाल्या आहेत, २०१२ आणि २०२१च्या दोन मोठ्या. दोन्हींत तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी गॅलिक हा देशाच्या वारशाचा महत्त्वाचा भाग असल्याचं सांगितलं. सरकार माणशी पाच पौंडांहून कमी खर्च करतं, हे सांगून २०१२मध्ये मत विचारलं, तेव्हा सर्वांत मोठा गट 'ठीक आहे' म्हणाला. जास्त आहे म्हणणारेही बरेच निघाले, तरी ते कमीच.

वर्तमानपत्रांची पत्रं वाचली तर मात्र उलटं चित्र दिसतं. रेल्वे स्टेशनची पाटी, पोलिसांच्या गाडीवरचं 'पोलिस अल्बा' हे गॅलिक नाव, रुग्णवाहिकेवरची अक्षरं, यावर दरवर्षी तोच संताप. 'हे कोण वाचतं?', 'त्या पैशात नर्सा ठेवा.' उत्तरेकडच्या केथनेसचे लोक म्हणतात, आमच्याकडे नॉर्स वारसा आहे, आमच्यावर ही पाटी का? त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, कारण तिथल्या पूर्वेकडच्या गावांची नावं खरोखरच नॉर्स आहेत. पण त्याच भागाच्या पश्चिमेला पिढ्यान्‌पिढ्या गॅलिक नांदत होती, हेही खरं. पाटीवर भांडणं सोपं असतं. पाटी सगळ्यांना दिसते आणि तिच्यासाठी कोणाला आपल्या घरात काही बदलावं लागत नाही.

या पाहण्यांतल्या सद्भावनेवर माझा विश्वास आहे. ती खोटी नाही. ती जशी गेलांच्या गावांपासून दूर जावी तशी ऐसपैस होत जाते, एवढंच. एडिनबरामधल्या माणसाला गॅलिक जगायला हवी असते, बेटांवर, कुठेतरी, कोणाकडे तरी. 'वारसा म्हणून महत्त्वाची आहे का?' याला हो म्हणायला काही किंमत पडत नाही. गेलांचा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे: तुमच्याकडे आहे का?

२०२२च्या शिरगणतीत हे उघडं पडलं. बोलणारे वाढून ६९,७०१ झाले आणि थोडंफार गॅलिक येणारे १ लाख ३० हजारांवर गेले. बातम्यांत आनंद झाला. त्याच शिरगणतीत लुइस, हॅरिस, उइस्ट, बारा या पश्चिम बेटांत गॅलिक बोलणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेलं. शहरांत ती वर्गात वाढते आहे आणि जिथे ती दळणवळणाची, भांडणाची, कुत्र्याला हाक मारायची भाषा होती तिथे आटते आहे. २०२०मध्ये तिथल्याच विद्यापीठाच्या अभ्यासकांनी बजावलं होतं की गावाची रोजची भाषा म्हणून तिच्याकडे फार तर दहा वर्षं आहेत. बेटांवरच्या काहींना हे निदान अपमानास्पद वाटलं, 'आम्हाला जिवंतपणीच श्रद्धांजली वाहता काय?' असा सूर निघाला. मला तो राग समजतो. पण आकडे अभ्यासकांच्या बाजूने होते.

आणि मग घरांचा प्रश्न. स्कायवर, हॅरिसवर, टायरीवर किती घरं वर्षातले दहा महिने बंद असतात ते जाऊन पाहा. विकत घेणारे निसर्गावर प्रेम करणारे, गॅलिक गाणी आवडीने ऐकणारे असतात. पंचविशीतल्या गॅलिकभाषक जोडप्याला मात्र आपल्याच गावात घर परवडत नाही. ते ग्लासगोला जातात, आणि त्यांचं मूल तिथे गॅलिक शाळेत जातं. त्या मुलाची नोंद 'वाढ' अशी होते. म्हणून भाषेचं भवितव्य आता शाळेइतकंच घरबांधणीच्या खात्यात ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

सद्भावनेची परीक्षा झाली ती २०२०च्या सुरुवातीला. पश्चिम बेटांच्या कौन्सिलने ठरवलं की पहिलीत येणारं मूल आपोआप गॅलिक माध्यमात जाईल; नको असेल तर पालकांनी तसं सांगावं. इंग्रजी माध्यम बंद केलेलं नव्हतं. फक्त विचारण्याची दिशा उलटली होती. आजवर गॅलिक हवी तर मागावी लागे, आता इंग्रजी मागायची. लगेच राजधानीतल्या राजकारण्यांकडून ओरड झाली की मुलांचं नुकसान होणार.

शाळेबद्दलही भाबडेपणा नको. पहिल्या तुकड्यांतली मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा बहुतेकांच्या रोजच्या आयुष्यात गॅलिक फारशी उरलेली नाही असं दिसलं. प्रेम आहे, अभिमान आहे, वापर नाही. गेल लोक चांगल्या बोलण्याला 'ब्लास' म्हणतात. शब्दाचा अर्थ चव. शाळेतल्या मुलांच्या बोलण्याला ब्लास नाही, ही म्हाताऱ्यांची नेहमीची तक्रार, आणि ती ऐकून मुलं त्यांच्यासमोर तोंडच उघडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मी त्या दुकानातल्या बाईंकडे चहाला गेले होते. नातू सात वर्षांचा, गॅलिक शाळेत. त्याने परसातल्या खोपटातून पीट कापायचं जुनं अवजार ओढत आणलं आणि याला काय म्हणतात, असं विचारलं. गॅलिकमध्येच विचारलं, पण वाक्यात काहीतरी चुकलं. आजीने शब्द दिला, 'तारस्केर', आणि चूक सुधारली. पोराचं तोंड उतरलं. बाई तत्क्षणी इंग्रजीत वळल्या आणि पुढचं सगळं, पाय कुठे ठेवायचा, पातं कसं धरायचं, इंग्रजीतच सांगितलं.

तो गेल्यावर मी विचारलं, इंग्रजीत का गेलात?

"त्याला वाईट वाटलं असतं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिल्या. तो ओल्या जमिनीत ते अवजार खुपसायचा प्रयत्न करत होता आणि पातं उलटं धरलं होतं. त्या उठल्या, दार उघडून त्याला हाक मारली, आणि पातं कसं धरायचं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. हळूहळू, गॅलिकमध्ये. मी तिथे बसलेली होते, तरीही.