बाणाच्या अलीकडे, बाणाच्या पलीकडे

फळ्यावर मी एक आडवी रेघ काढली आहे. तिच्या टोकातून तिरका बाण निघून जॉइंटला टेकलाय. रेघेच्या खाली छोटा त्रिकोण आणि त्याच्या डावीकडे ६. हे काय, असं विचारल्यावर तुम्ही सगळे एका सुरात म्हणालात, "सहा एमएम फिलेट." बरोबर, कोपऱ्यात भरायचा त्रिकोणी वेल्ड. मग मी विचारलं, कुठल्या बाजूला? आवाज निम्म्यावर आला. आणि हे ड्रॉइंग कुठल्या स्टँडर्डप्रमाणे काढलंय, असं विचारलं तेव्हा पुढची रांगसुद्धा वहीत बघायला लागली. स्टीलच्या ड्रॉइंगमधल्या वेल्डच्या खुणांबद्दल आज बोलायचंय ते या दोन प्रश्नांवरच.

मी आधी बरीच वर्षं डिटेलर, म्हणजे स्टीलच्या तुकड्यांची ड्रॉइंग काढणारा, होतो, मग चेकर झालो. चेकर म्हणजे लाल पेन घेऊन दुसऱ्यांच्या चुका हुडकणारा माणूस. त्यामुळे माझ्या बोलण्यात बरोबर कामापेक्षा चुकलेली कामंच जास्त येतील. सांभाळून घ्या.

आधी बाजूचं बघू. अमेरिकन पद्धतीत, म्हणजे अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या एडब्ल्यूएस ए२.४ या स्टँडर्डमध्ये, नियम सरळ आहे. त्रिकोण रेघेच्या खाली असेल तर वेल्ड अ‍ॅरो साइडला, जिथं बाण टेकलाय तिथंच. रेघेच्या वर असेल तर अदर साइडला, पलीकडे. दोन्हीकडे त्रिकोण असला तर दोन्ही बाजूंना. आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ २५५३ मध्ये मात्र दोन पद्धती मान्य आहेत. बी पद्धत अमेरिकन पद्धतीसारखीच वाचायची. ए पद्धतीत दोन समांतर रेघा असतात, एक अखंड आणि एक तुटक. अखंड रेघेवर खूण असेल तर बाणाची बाजू, तुटक रेघेवर असेल तर पलीकडची. तिथं वर-खाली याला काही अर्थ नाही, कुठली रेघ ते बघायचं. आता कल्पना करा, ए पद्धतीचं ड्रॉइंग झेरॉक्स होऊन होऊन शॉपमध्ये, म्हणजे जिथं तुकडे कापून वेल्ड करतात त्या कारखान्यात, पोचलंय आणि तुटक रेघ पुसट होऊन गेलीय. वाचणारा काय समजेल?

या "पलीकडे"मध्येही एक मेख आहे. टी जॉइंट घ्या. आडवी प्लेट, तिच्यावर उभी प्लेट. बाण डावीकडून कोपऱ्यात टेकलाय. पलीकडची बाजू म्हणजे त्याच उभ्या प्लेटचा उजवा कोपरा. इथवर कुणी चुकत नाही. आता त्याच आडव्या प्लेटच्या खालून, बरोबर त्याच रेषेत, दुसरी उभी प्लेट आणा. झाला क्रॉस. वरच्या डाव्या कोपऱ्याला बाण लावून "दोन्ही बाजू" अशी खूण केली, की निम्मे लोक समजतात वर एक आणि खाली एक. तसं नाही. खूण त्या एका जॉइंटपुरती असते, आणि वरची प्लेट व खालची प्लेट हे दोन वेगळे जॉइंट आहेत. खालच्या प्लेटला तिचा स्वतःचा बाण लागतो. मी तपासलेल्या क्रॉस जॉइंटच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्यांत जास्त लाल शाई इथं सांडलीय.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. मी टेक्ला, म्हणजे स्टीलचं थ्रीडी मॉडेल आणि त्यावरून ड्रॉइंग बनवणारं सॉफ्टवेअर, धरून बोलतो, कारण आयुष्य त्यात गेलं. दुसरं वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, दुखणी तीच राहतील. टेक्लात वेल्डच्या डायलॉगमध्ये दोन रकाने असतात, रेघेच्या वरचा आणि रेघेच्या खालचा. माप, प्रकार, लांबी, सगळं त्यात भरायचं. पण वरचा रकाना म्हणजे बाणाची बाजू की पलीकडची? हे डायलॉग सांगत नाही. ते एका अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शनवर ठरतं: एक्सएस एआयएससी वेल्ड मार्क (एआयएससी ही अमेरिकेतली स्टील बांधकामाची संस्था). तो ट्रू असेल तर खुणा अमेरिकन पद्धतीच्या, फॉल्स असेल तर आयएसओच्या. या ऑप्शनांच्या नावांमागचं "एक्सएस" हे टेक्लाच्या आधीच्या नावाचं, एक्सस्टीलचं, शेपूट आहे. नाव बदलून किती काळ लोटला, शेपूट राहिलं.

आमच्याकडे एकदा दुसऱ्या ऑफिसात अर्धवट झालेलं मॉडेल पुढच्या कामासाठी आलं. त्यांनी आयएसओच्या सवयीने सगळे वेल्ड वरच्या रकान्यात भरले होते. आम्ही ड्रॉइंग काढली ती अमेरिकन पद्धतीची, टायटल ब्लॉकवर तसं छापलेलंही होतं. म्हणजे शेकडो खुणा रेघेच्या वर, म्हणजेच पलीकडच्या बाजूला. मीच तपासली ती ड्रॉइंग, आणि माप बरोबर, लांबी बरोबर म्हणून सही ठोकली. चार दिवसांनी शॉपमधून फिटरचा फोन. "साहेब, हा ब्रॅकेट दोन चॅनेलच्या पोटात आहे. आतल्या अंगाला वेल्ड दाखवलाय. वेल्डिंग टॉर्च राहू द्या, माझं बोटसुद्धा जात नाही तिथं. बाहेरून मारू का?" तो फोन आला हे नशीब. जिथं दोन्ही बाजूंनी हात पोचत होता तिथून कुणाचाच फोन आला नाही. त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे पलीकडून वेल्ड मारले. मग साइटवर बोल्टच्या प्लेटा त्या वेल्डवर चढून बसायला लागल्या, मध्ये फट राहायला लागली. वेल्ड गाउज करून, म्हणजे वितळवून खरवडून, काढा, घासा, परत मारा. ते ग्राइंडर माझ्या डोक्यात बरेच दिवस वाजत होतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कुठलंही नवं मॉडेल हातात आलं की आधी एक टी जॉइंट स्वतः करायचा, एकाच बाजूला वेल्ड द्यायचा, त्याचं ड्रॉइंग काढायचं आणि मॉडेलमधल्या वेल्डच्या घन आकाराशी ताडून बघायचं. पाच मिनिटांचं काम.

त्या एआयएससी ऑप्शनची दुसरी गोम मापात आहे. अमेरिकन पद्धतीत फिलेटचं माप म्हणजे लेग, प्लेटला चिकटलेल्या बाजूची लांबी. आयएसओत आकड्याच्या आधी अक्षर लागतं: झेड म्हणजे लेग, ए म्हणजे थ्रोट, आतल्या कोपऱ्यापासून वेल्डच्या तिरक्या पृष्ठापर्यंतची जाडी. लेग ६ असेल तर थ्रोट साधारण ४.२. उलट थ्रोट ६ हवा असेल तर लेग जवळपास ८.५ लागतो. ४५ अंशांचा त्रिकोण आहे, शाळेतलं पायथागोरस. पण लेग ८.५ झाला की वेल्डच्या छेदाचं क्षेत्रफळ १८ वरून ३६ चौरस मिमी होतं, दुप्पट. टेक्लात हे अक्षर भरायची जागा आहे, पण ते ड्रॉइंगवर येतं फक्त एआयएससीवाला ऑप्शन फॉल्स असतानाच. ट्रू केलात की अक्षर गायब आणि आकडा जागेवर. एका इंजिनिअरने थ्रोट ६ मागितला होता, डिटेलरने ए आणि ६ भरलं, ड्रॉइंगवर नुसता ६ उमटला. वेल्डर तो लेग समजणार, म्हणजे वेल्ड पाहिजे त्याच्या ७० टक्के ताकदीचा. कुणी चुकीचं टाइप केलेलं नाही, तरी हे झालं.

वेल्ड देताना आधी कुठल्या पार्टवर क्लिक करता, याकडे किती जण लक्ष देतात? हात वर करू नका, मला माहीत आहे. शॉप वेल्डमध्ये पहिला निवडलेला पार्ट असेंब्लीचा, म्हणजे शॉपमध्ये जोडून एकत्र पाठवायच्या गटाचा, मेन पार्ट होतो. आधी स्टिफनर (बीमला ताठ ठेवणारी छोटी प्लेट) आणि मग बीम असं क्लिक केलंत, तर नऊ मीटरचा बीम त्या वीतभर स्टिफनरला चिकटलेला किरकोळ तुकडा ठरतो. ड्रॉइंग स्टिफनरच्या दिशेने उघडतं, मार्क स्टिफनरचा लागतो. हे लगेच दिसतं म्हणून हसून सोडून देतो. शॉप आणि साइट यांची अदलाबदल इतक्या लवकर दिसत नाही. साइट वेल्ड असेंब्ली जोडत नाही, तो नुसती झेंड्याची खूण लावून ड्रॉइंगवर येतो. क्लीट, म्हणजे जोडासाठीचा छोटा तुकडा, चुकून साइट वेल्डने जोडली तर ती सुटी पाठवायच्या यादीत जाते, आणि उंचावर लोंबकळत कुणाला तरी ती जोडावी लागते.

आता माझं सगळ्यांत आवडतं भांडण. ड्रॉइंग उघडलं, वेल्डची खूण दिसत नाही, मग ड्रॉइंगमध्येच टूल घेऊन हाताने खूण टाकली. झालं काम, दिसायला फरक नाही. पण ती खूण मॉडेलमधल्या कशालाच बांधलेली नसते. रिव्हिजन आली. समजा, दोन्ही प्लेटांची जाडी १६ मिमीची २२ झाली. एआयएससीप्रमाणे जोडातली पातळ प्लेट १३ च्या वर आणि १९ पर्यंत असेल तर फिलेट किमान ६ लागतो, १९ च्या वर गेली की ८. डिटेलर मॉडेलमध्ये वेल्ड ८ करतो. मॉडेलमधून आलेल्या खुणा बदलतात, हाताने टाकलेली ६ वरच बसून राहते. एकाच ड्रॉइंगवर समोरच्या व्ह्यूमध्ये ८ आणि सेक्शनमध्ये ६. शॉपने कुठला धरायचा? मॉडेलमधला वेल्ड दिसत नसेल तर का दिसत नाही ते शोधा. बहुतेक वेळा व्ह्यूची सेटिंग किंवा मापाचा फिल्टर असतो. वेल्ड मॉडेलमध्येच नसेल तर तिथं जाऊन द्या. मला घाईची कारणं सांगू नका, मीही तीच देत होतो.

उलट सगळं दाखवायचा हव्यासही नको. एकच वेल्ड तीन व्ह्यूंमध्ये आला तर वेल्डर तीन वेल्ड मोजत नाही, हे खरं. पण बाणांच्या जाळ्यात महत्त्वाचा बाण हरवतो. म्हणून नेहमीचं माप टिपेत लिहा, "वेगळे दाखवले नसल्यास सर्व वेल्ड ६ मिमी फिलेट", आणि फिल्टरने तेवढे झाकून ठेवा. मात्र टिपेतला आकडा हौसेने ८ करू नका. ६ वरून ८ म्हणजे ऐकायला दोन मिलिमीटर, पण धातू जवळपास पावणेदोन पट लागतो, आणि उष्णता वाढली की प्लेट वाकते ती वेगळीच.

ऑल अराउंडचा, म्हणजे सगळीकडून फिरून वेल्ड मारा असं सांगणारा, गोल तर इतक्या सहज टिचकी मारून लावला जातो की विचारू नका. बेस प्लेटवर आय सेक्शनचा कॉलम आहे: दोन बाजूंना फ्लँज, मध्ये वेब. बाणाच्या कोपऱ्यावर गोल लावला. याचा शब्दशः अर्थ काय होतो? फ्लँजच्या बाहेरून, टोकांवरून वळून आतून, वेब आणि फ्लँज मिळतात त्या गोलाईतून, वेबच्या दोन्ही अंगांनी, परत फिरून सुरुवातीला. त्या गोलाईत टॉर्च घालणं अवघड, तिथल्या वेल्डचा उपयोग थोडा. डिझायनरला बहुधा फ्लँज आणि वेबच्या सरळ भागांवरच वेल्ड हवा असतो, तर तेवढेच बाण द्या. दुसरीकडे, एकाच पातळीच्या दोन विरुद्ध बाजूंना फिलेट असतील तर ते कोपऱ्यावरून वळवून एकमेकांना जोडायचे नाहीत, कोपऱ्याशी तोडायचे, असं एडब्ल्यूएसचा वेल्डिंग कोड डी१.१ सांगतो. कारण वळवताना कड वितळून खाच पडते. तुमचा तो गोल नेमकं हेच करायला लावतो.

तुटक वेल्डबद्दल एकच सांगतो. अमेरिकन खुणेत ५०-१५० म्हणजे ५० लांबीचा वेल्ड, आणि १५० हे एका वेल्डच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत. आयएसओच्या ए पद्धतीत कंसातला आकडा मधल्या मोकळ्या जागेचा, म्हणजे तोच वेल्ड तिथं ५० आणि कंसात १००. आकडे जसेच्या तसे उतरवू नका.

ग्रूव्ह वेल्डला, म्हणजे प्लेटांच्या कडांमधल्या खाचेत भरायच्या वेल्डला, मात्र थोडं थांबतो. डायलॉगमध्ये प्रकार बेव्हल (तिरकी कड) निवडला, कोन ४५ भरला, रूट गॅप (प्लेटांमधली फट) भरला, खूण ड्रॉइंगवर छान आली. पण प्लेटची कड कापली का? वेल्डचं प्रिपरेशन, म्हणजे कडेचा तिरका काप, मॉडेलमध्ये दिलं नसेल तर ती प्लेट चौकोनी कडेचीच राहते, सुट्या पार्टच्या ड्रॉइंगवरही आणि कटिंगला जाणाऱ्या फाइलमध्येही. मग शॉपमध्ये एक माणूस हातात ग्राइंडर घेऊन ती कड अंदाजाने उतरवत बसतो. शिवाय दोनपैकी कुठली प्लेट कापायची, हे मोडलेल्या बाणाने सांगायचं असतं. बाणाचं शेवटचं वळण ज्या प्लेटकडे वळतं तिची कड उतरवायची. सॉफ्टवेअरमध्ये खूण ओढून जागा बदलताना हा बाण सहज भलतीकडे वळतो. छपाईच्या आधी एकदा डोळ्यांखालून घाला.

मघाशी मागून प्रश्न आला होता, "असेंब्ली बनवायला आम्ही शून्य मापाचा वेल्ड देतो, चालतं का?" बऱ्याच जणांनी माना हलवल्या, म्हणजे सगळेच देतात. टेक्लात माप शून्य किंवा ऋण दिलं की वेल्ड तयार होतो, असेंब्ली जुळते, पण ड्रॉइंगवर खूण येत नाही. जो पार्ट खरोखर वेल्डने जोडायचाच नाही, नुसता सोबत पाठवायचा आहे, त्याला द्या खुशाल. पण "माप नंतर टाकू" म्हणून दिलेला शून्य नंतर कुणाला आठवत नाही, कारण तो दिसतच नाही. म्हणून ड्रॉइंग बाहेर जायच्या आधी मॉडेलमध्ये शून्य मापाचे सगळे वेल्ड गाळून यादी काढा आणि एकेकावर बोट ठेवा. मी परवाच एका मॉडेलची अशी यादी काढली. एकवीस वेल्ड निघाले. एकोणीस योग्यच होते. एक स्टिफनरचा निघाला. आणि एक लिफ्टिंग लगचा, ज्याला धरून क्रेन अख्खा तुकडा उचलते.