सी-३ वर काय जोडायचं? बेट्युलिनिक आम्लापासून एचआयव्हीच्या औषधाकडे

वनस्पतीत सापडलेला रेणू जसाच्या तसा औषध होतो, असं फार क्वचित घडतं. म्हणून आज एकाच रेणूचा प्रवास नीट पाहू.

जांभळाच्या प्रजातीतल्या सिझीजियम क्लॅव्हिफ्लोरम या झाडाच्या पानांत बेट्युलिनिक आम्ल हा एचआयव्हीविरोधी घटक असल्याचं रसायनशास्त्रज्ञ कुओ-शिउंग ली यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं. विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला १.४ मायक्रोमोलर मात्रा लागे आणि तिच्या जेमतेम नऊपट मात्रेला पेशीच दगावू लागत. एवढ्या अरुंद फटीत औषध बसत नाही.

कच्चा माल पानांतून काढत नाहीत. भूर्जाची बाहेरची साल पांढरी दिसते ती बेट्युलिन या जवळच्या रेणूमुळे, आणि सालीत ते भरपूर असतं. बेट्युलिनच्या सी-३ आणि सी-२८ या दोन्ही ठिकाणी, म्हणजे तिसऱ्या आणि अठ्ठाविसाव्या क्रमांकाच्या कार्बनवर, अल्कोहोल गट आहेत. ॲसिटोनमध्ये, शून्य अंशाच्या आसपास, जोन्स अभिकारक (क्रोमियमचं आम्लधर्मी ऑक्सिडीकारक) थेंबाथेंबाने घातला की दोन्हींचं ऑक्सिडीकरण होऊन बेट्युलोनिक आम्ल मिळतं. मग सोडियम बोरोहायड्राइडने सी-३ चा कीटोन पुन्हा अल्कोहोल करायचा, की बेट्युलिनिक आम्ल मिळतं. बहुतांश बीटा रूप येतं, म्हणजे अल्कोहोल गट हव्या त्या बाजूला. थोडं उलट बाजूचं, अल्फा रूप उरतं, ते शुद्धीकरणात काढावंच लागतं, कारण पुढची सगळी मदार सी-३ वर आहे.

इथे एक गोष्ट सांभाळा. रेणूच्या टोकाशी आयसोप्रोपेनिल गट (दुहेरी बंध असलेला तीन कार्बनचा तुकडा) आहे. तीव्र आम्लात त्याचा दुहेरी बंध सरकतो, कडं वाढतं आणि सांगाडाच बदलतो. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन ओळखणाऱ्या चाचणीत) ४.६ आणि ४.७ पीपीएमजवळची दोन शिखरं गायब झाली, तर हेच घडलंय असं समजा.

आता मुख्य पायरी. कोरड्या पिरिडीनमध्ये बेट्युलिनिक आम्ल, एक सममूल्य डीएमएपी (क्रिया वेगाने घडवणारा उत्प्रेरक) आणि जास्तीचं २,२-डायमिथाइलसक्सिनिक एनहायड्राइड घालून रात्रभर उकळत ठेवतात. इतकी जबरदस्ती का? सी-३ च्या शेजारच्या कार्बनवर दोन मिथाइल गट आहेत, वाट अडलेली आहे. ओलावा शिरला तर एनहायड्राइड पाण्याशीच संपतं. शिवाय ते दोन बाजूंनी उघडू शकतं. आपल्याला मिथाइल गट मोकळ्या आम्लाच्या शेजारी हवेत, म्हणजे ३′,३′ रूप. दुसरं रूपही तयार होतं, ते क्रोमॅटोग्राफीने वेगळं करायचं.

१९९६ मध्ये या एस्टरची क्रिया मोजली, तेव्हा परिणामकारक मात्रा ०.३५ नॅनोमोलरच्याही खाली निघाली. हजारो पटींचा फरक, आणि तो सी-३ वरच्या एका छोट्या साखळीमुळे! हेच पुढे बेव्हिरिमॅट झालं. याच सांगाड्याच्या सी-२८ वर लांब अमाइड साखळी लावली, तर तो रेणू विषाणूचा पेशीत प्रवेशच रोखतो. एका सांगाड्यावरच्या दोन जागा, आणि कामं पूर्ण वेगळी.

बेव्हिरिमॅट विषाणूची प्रथिनं कापणाऱ्या प्रोटिएज विकराला हात लावत नाही. विषाणूचं गॅग हे लांब प्रथिन कापलं जाताना शेवटचा छेद त्याच्या कॅप्सिड (कवच बनवणारा भाग) आणि एसपी१ (त्यालगतचा छोटा तुकडा) यांच्यामध्ये बसतो. तिथे सहा हेलिक्सची (मळसूत्री प्रथिन-तुकड्यांची) जुडी असते. औषध तिच्यात शिरून ती घट्ट करतं आणि प्रोटिएजची कात्री पोचत नाही. विषाणू बाहेर पडतो, पण अपक्व, संसर्ग न करणारा. म्हणूनच नुसत्या पी२४ एलिसावर (कॅप्सिड प्रथिन, म्हणजे पी२४, मोजणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका, कारण त्या चाचण्यांत एसपी१ जोडलेलं, न कापलेलं पी२५ही मोजलं जाऊ शकतं. प्रथिनं आकारानुसार वेगळी दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर पी२५ ची पट्टी दिसायला हवी. ती नसेल, तर तुमचा रेणू काही वेगळंच करतोय.

एवढं असूनही दुसऱ्या टप्प्याच्या मानवी चाचण्यांत बऱ्याच रुग्णांना गुण आला नाही. एसपी१ मध्ये, गॅगच्या ३६९ ते ३७१ या जागांवर, अनेकांच्या विषाणूत मुळातच वेगळी अमिनो आम्लं होती. औषध घेतल्यावर आलेला हा प्रतिरोध नव्हे. ३७० वर व्हॅलिनऐवजी ॲलॅनिन असलं तरी क्रिया ढासळते. जगातल्या जवळपास निम्म्या एचआयव्ही संसर्गांना कारण असलेल्या, विषाणूच्या उपप्रकार सी मध्ये असे फरक वारंवार आढळतात. त्यात भर म्हणजे औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतं, त्यामुळे मोकळी मात्रा कमी उरते. २०१० मध्ये काम थांबलं.

पुढच्या पिढीत सी-३ वर लवचीक एस्टरऐवजी ताठ बेंझोइक आम्लाचा गट आला आणि सी-१७ वर कार्बोक्सिलऐवजी (म्हणजे सी-२८ च्या आम्ल गटाऐवजी) अमाइन साखळी. अशा बीएमएस-९५५१७६ या रेणूने ते बदललेले विषाणूही रोखले, पण पोटाच्या तक्रारी आणि प्रतिरोध यांमुळे तोही थांबला. आज या वर्गातला नवा रेणू बनवला, तर पहिल्याच आठवड्यात तो दोन ठिकाणी तपासायला हवा: ३७० वर ॲलॅनिन असलेल्या विषाणूवर आणि मानवी सीरम मिसळलेल्या माध्यमात.